बेचाळिसावं मूल

आमच्या घरात दाराच्या मागे एक बांबूची काठी उभी असते. माझ्या खांद्याला लागेल एवढी उंच. घरी येणाऱ्यांना वाटतं, म्हातारीला आधाराला लागत असेल. मी ती कधी टेकलेली नाही. ही काठी म्हणजे दहा वर्षांचं मूल आहे, असं मी नातीला एकदा सांगितलं. तिनं आधी काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आईला जाऊन सांगितलं की आजीला बरं वाटत नाहीये.

नातीचा मला राग आला नाही. धुळ्यात पहिल्यांदा नानांच्या हातात ती काठी पाहिली, तेव्हा मीही मनात हेच म्हणाले होते.

नाना म्हणजे धुळ्याच्या देवपूर भागातले एक निवृत्त गृहस्थ. पस्तीस वर्षं कोर्टात नक्कलनवीस होते. न्यायाधीशानं हुकूम द्यायचा आणि नानांनी त्याची सुवाच्य अक्षरात नक्कल उतरवायची. "नक्कल करणाऱ्याला अर्थ लावायचा अधिकार नसतो," ते सांगत. "पस्तीस वर्षांचे अर्थ पोटात साठलेत. आता पचत नाहीत." कोटाच्या खिशाला दोन पेनं लावलेली असत. निळ्या शाईचं सरकारला लिहायला आणि लाल शाईचं सरकारनं लिहिलेलं दुरुस्त करायला.

काठी त्यांनी दहा वर्षांच्या नातवाच्या मापानं कापून घेतली होती. ती घेऊन ते गावभर हिंडत आणि दिसेल त्या खिडकीशी, टेबलाशी, नळाशी उभी करून बघत. एकदा पोस्टात गेले, काउंटरच्या अलीकडे काठी धरली आणि स्वतः खाली बसले.

"मास्तर, तुमच्यासमोर कोण उभं आहे?"

"कोणी नाही, नाना. तुम्ही कुठं आहात?"

"दहा वर्षं उभी आहेत. तुम्हाला दिसत नाहीत, हेच सांगायला आलो होतो." एवढं बोलून तिकिटं न घेताच निघाले.

आता माझं सांगते. साल सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचं. पुण्याहून समाजकार्याची पदवी घेऊन मी धुळ्याच्या एका निरीक्षणगृहात परिविक्षा अधिकारी म्हणून रुजू झाले होते. म्हणजे मुलाच्या घरी जाऊन चौकशी करायची, अहवाल लिहायचा आणि त्याला घरी सोडावं की ठेवावं, याची शिफारस करायची. वय चोवीस. खळ केलेली सुती साडी, खांद्याला शबनम आणि डोळ्यांना चष्मा. चष्म्याला नंबर नव्हता. साधी काच होती. वयानं लहान दिसते म्हणून कोणी गंभीरपणे घेणार नाही, या भीतीनं मी तो घालत असे. त्या मुलीला आज भेटले तर आधी तिचा चष्मा काढून घेईन आणि मग तिला पोटभर जेवायला घालीन.

मुलांसाठीचा देशाचा नवा कायदा तेव्हा नुकताच आला होता. तोवर राज्याराज्यांचे आपापले कायदे होते. नव्या कायद्यात गुन्हा केलेलं मूल कोर्टापुढे जायचं आणि नुसतंच हरवलेलं, टाकलेलं, कोणी नसलेलं मूल एका मंडळापुढे. आमच्या दारावरची 'रिमांड होम' ही पाटी खरवडून तिथं 'निरीक्षणगृह' असं रंगवलं होतं. टांगेवाले तरीही रिमांडच म्हणत. नियम राज्यानं करायचे होते आणि ते होत होते. तोवर जुने फॉर्म, जुनी रजिस्टरं आणि जुन्याच सवयी चालू होत्या. नाना म्हणत, "पाटी रंगवायला एक दिवस लागतो. आतलं रंगवायला आपण आहोत ना."

या मंडळावर तीन जण होते. अध्यक्ष जळगावला राहत आणि त्यांच्याकडे दोन जिल्ह्यांचं काम. दुसऱ्या एक डॉक्टरबाई. तिसरे नाना. निर्णयाला निदान दोघं तरी हजर हवीत, असा नियम. नाना प्रत्येक बैठकीला वेळेआधी येत आणि पुष्कळदा एकटेच बसून घरी जात.

तेही साधं बसत नसत. पहिल्याच बैठकीत त्यांनी टेबलाशी काठी लावून पाहिली आणि पुढच्या वेळी करवत आणली. टेबलाचे चारी पाय वीतभर कापले. अधीक्षक हवालदिल झाले. टेबल सरकारी, त्यावर नंबर टाकलेला, तपासणीत वरच्यांना काय सांगायचं? नानांनी ते कापलेले पाय सुतळीनं टेबलाला बांधून दिले, म्हणजे वस्तू पूर्ण भरेल. आणि बैठकीसाठी त्या टेबलाच्या जागी स्वतःच्या घराचं मागचं दार काढून हातगाडीवर घालून आणलं. विटांच्या चार थप्प्यांवर ते दार आडवं ठेवलं, भोवती सतरंजी टाकली. मंडळ तिथं मांडी घालून बसू लागलं. दाराची कडी तशीच होती. समोर बसलेलं मूल बोलायला घाबरलं की ती कडी खाली-वर करत बसे आणि थोड्या वेळानं बोलू लागे.

मला हा सगळा पोरखेळ वाटे. मी पुण्याला मैत्रिणीला पत्र लिहिलं होतं, "इथं एक विक्षिप्त म्हातारे आहेत. त्यांच्यामुळे कामाला शिस्त लागत नाही." शिस्त मी लावणार होते.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी शेवंती आली. नऊ वर्षांची. चाळीसगाव स्टेशनवर तिची आई नळावर पाणी भरायला गेली, तेवढ्यात समोर उभ्या असलेल्या गाडीत खिडकीची जागा रिकामी दिसली म्हणून ही जाऊन बसली. ती धुळ्याची गाडी होती, ती सुटली. धुळ्याला पोलिसांनी उतरवून आमच्याकडे आणलं. तिसऱ्या दिवशी आई विचारत विचारत दारात आली. मुलीनं तिला पाहिलं, तिनं मुलीला पाहिलं. ती कोणाची कोण, हे सांगायला कायद्याची गरज नव्हती.

पण मी होते ना तिथं. मी म्हटलं, "गृहचौकशी झाल्याशिवाय देता येत नाही."

"मनी पोर शे ती, ताई," आई म्हणाली. "आखो काय लिखानं ऱ्हायनं?"

लिहायचं खूप होतं. चाळीसगावाजवळच्या तिच्या गावी जाऊन मी घर पाहिलं. अहवाल लिहायला तीन आठवडे घेतले. चौदा पानं, समास सोडून. 'घर कुडाचे असून त्यास दार नाही, गोणपाटाचा पडदा आहे. पालक ऊसतोडीसाठी वर्षातून सुमारे सहा महिने स्थलांतर करतात. मुलीस अभ्यासासाठी स्वतंत्र जागा नाही. सबब मुलीस संस्थेत ठेवणे तिच्या हिताचे राहील.' हे वाक्य लिहिल्यावर मी चष्मा काढून पुसला होता, हे मला अजून आठवतं. एवढं मला ते आवडलं होतं.

नानांनी चौदाही पानं वाचली. लाल पेन काढलं नाही. "भाषा चांगली आहे," म्हणाले. "एक चूक नाही. नक्कल करायला आवडली असती."

मी खूश झाले. अशी मी.

मंडळाच्या दोन बैठका दोघं न जमल्यामुळे फुकट गेल्या. डॉक्टरबाई लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला होत्या आणि अध्यक्ष दुसऱ्या कामात. शेवंतीची आई दोन्ही वेळा येऊन फाटकाशी बसली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. दुसऱ्या वेळी जाताना तिनं सांगितलं की शुक्रवारी पहाटे टोळी निघणार, ट्रॅक्टर येणार. गेली तर सहा महिने येणं नाही. न जावं तर नवरा आणि धाकटं पोर एकटे जाणार आणि कोयता, म्हणजे तोडीला लागणारी नवरा-बायकोची जोडी, अर्धा पडणार. पुढची बैठक शुक्रवारनंतर आठ दिवसांनी होती.

त्या मंगळवारी नवे फॉर्म आले. नानांची एक जुनी सवय होती. कोणताही नवा फॉर्म आला की आधी तो स्वतःच्या नावानं भरून बघायचा. "दुसऱ्याला घालायचा सदरा आधी आपल्या अंगात चढतो का बघावा." सकाळीच आले, काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "मॅडमबाई, माझ्यावर भरा."

"कोऱ्या कागदावर भरते."

"तुमच्यासारखी शिस्तीची बाई कच्चं काम करते?"

एवढं पुरलं. मी थेट दाखल रजिस्टर उघडलं, काळ्या शाईत पुढचा अनुक्रमांक टाकला आणि विचारायला लागले. त्यांनी नाव सांगितलं. वय सहासष्ट. प्रकार? "उपेक्षित." कारण? "घरी कोणी ऐकून घेत नाही." मी गंभीरपणे लिहीत गेले. शाई टिपली. अधीक्षक रोज सकाळी पन्नास कागदांवर न बघता सह्या करत, त्यात तीही सही झाली. शिक्का पडला. दुपारी दैनिक संख्या जिल्ह्याला गेली. काल एक्केचाळीस होती, आज बेचाळीस.

संध्याकाळच्या हजेरीला एक्केचाळीस मुलं भरली. पुन्हा मोजलं. एक्केचाळीसच. अधीक्षकांचा चेहरा पांढरा पडला. मूल पळालं तर त्याच रात्री पोलिसांत कळवावं लागतं. त्यांनी रजिस्टर मागवलं, शेवटच्या नोंदीवर बोट ठेवलं, वय वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. अशा नजरेनं माझ्याकडे लग्नानंतर सासूनंही कधी पाहिलं नाही.

"खोडू का?" मी विचारलं.

"शिक्का मारलेलं पान खोडता?"

तेवढ्यात फाटकातून नाना आले. बगलेत वळकटी, हातात पितळी तांब्या.

"नाना, घरी जा हो," अधीक्षकांनी हात जोडले. "गंमत झाली."

"जातो की. सुटकेचा आदेश दाखवा."

"आदेश कोण देणार? मंडळ कुठं बसलंय?"

"तेच विचारतो," नाना म्हणाले आणि मुलांच्या रांगेत शेवटी ताट घेऊन बसले.

बुधवारी सकाळी अधीक्षकांनी जळगावला फोन जोडून घेतला. मी शेजारी उभी होते. "साहेब, एक मूल चुकून दाखल झालंय... हो, मुलगा... वय सहासष्ट." पलीकडून आकडा पुन्हा विचारला गेला. मग उत्तर आलं की उद्या दुपारच्या बसनं येतो.

फोन ठेवला तेव्हा नाना मागेच उभे होते. "शेवंतीला पाच आठवडे झाले," ते म्हणाले. "मला एक दिवस लागला. वशिला बघा कसा असतो." मग माझ्याकडे वळले. "मॅडमबाई, माझी गृहचौकशी? तिच्याशिवाय मंडळ काय करणार? तोच नमुना घ्या, शेवंतीचा. वेगळा नको."

म्हणून मी देवपुरात नानांच्या घरी गेले. काकू ओट्यावर गोधड्यांचा ढीग घालून बसल्या होत्या. मी नमुना काढला, चष्मा नीट केला.

"मुलाच्या काही वाईट सवयी?"

"लिहा. जेवताना वाचतो. भाकरीवर शाई पडते."

"घरातून पळून जाण्याची वृत्ती आहे का?"

"रोज. नऊला पळतो, भूक लागली की येतो."

"पालक घरी असतात का?"

"मी पावसाळाभर सुरतला, लेकाकडे. चार महिने."

"घराला दार..." मी स्वतःच थांबले. मागच्या दाराच्या जागी गोणपाटाचा पडदा होता. वाऱ्यानं आत येत होता, बाहेर जात होता.

"दार तुमच्याकडेच आहे," काकू म्हणाल्या. "त्यावर बसून तुम्ही न्याय करता."

"अभ्यासाला स्वतंत्र जागा?"

"त्यांना? ते संडासाच्या पायरीवर बसूनही सरकारला पत्रं लिहितात."

शेवटी मी विचारलं, सांभाळायला समर्थ आहात का? काकूंनी गोधडी झटकली. "समर्थ आहे. आठ दिवस मात्र तुम्हीच ठेवा. पांझरेला पाणी आहे तोवर एवढं धुऊन घेते. ते घरात असले की गोधडीखाली कायदा सापडतो."

बाहेर येऊन मी पुलाच्या कठड्याशी उभी राहिले आणि नमुना वाचला. दार नाही. पालक चार महिने बाहेर. पळून जाण्याची वृत्ती. माझ्या हिशेबानं नानांना संस्थेतच ठेवायला हवं होतं. आणि मीही? माझी खोली भाड्याची, दार होतं, आत कोणी नव्हतं. आईला पत्र लिहून दोन महिने झाले होते. मला हसू आलं आणि मग शेवंतीच्या गावचा गोणपाट आठवला. मी गेले तेव्हा तिच्या आईनं तो माझ्यासाठी वर धरला होता, खळीची साडी मळू नये म्हणून. हे चौदा पानांत कुठंच नव्हतं.

त्या दिवशी मी दुसरा अहवाल लिहिला. एक पान. त्यातही निम्मं कोरं. 'मुलगी आईस ओळखते. आई मुलीस ओळखते. मुलीस आईच्या ताब्यात द्यावे.'

गुरुवारी अध्यक्ष आले तेव्हा चार वाजत आले होते. चाळीसगावची गाडी संध्याकाळची, ती चुकली तर ट्रॅक्टर चुकला. शेवंतीची आई फाटकाशीच होती. आदल्या दिवशी आमच्या शिपायाला पाठवून नानांनी तिला बोलावून घेतलं होतं. अध्यक्ष घाम पुसत सतरंजीवर बसले.

"आधी तुमचं संपवू, नाना."

"माझं नाही संपत, साहेब. माझ्या प्रकरणात मी न्यायाला बसणार नाही. उरलात तुम्ही एकटे. डॉक्टरबाई सोमवारी येतात. मी राहतो तोवर."

"मग मला बोलावलंत कशाला?"

"शेवंतीच्या प्रकरणात आपण दोघं आहोत. दोन भरले."

अध्यक्षांनी घाम पुसायचा रुमाल खाली ठेवला. "तुम्ही इथले दाखल मूल आहात. दाखल मूल मंडळावर बसतं का?"

"मनाई कुठं लिहिलीय, ती ओळ दाखवा. मी उठतो."

अध्यक्षांनी पुस्तक उघडलं, चाळलं, मिटलं. ते हसले नाहीत, पण मिशा हलल्या. "अहवाल?" त्यांनी विचारलं. मी एक पान पुढं केलं. जाड फाइल मी पाठीमागे लपवली होती. ती त्यांना दिसत होती, तरी त्यांनी मागितली नाही.

शेवंतीला बोलावलं. ती दारापाशी बसून कडी खाली-वर करू लागली.

"कोणाकडे जायचं, बेटा?"

तिनं कडी सोडली आणि फाटकाकडे बोट केलं.

"मंजूर," अध्यक्ष म्हणाले. "पण टंकलेखक गेला. टाइप केलेली प्रत उद्या मिळेल."

मी घड्याळ पाहिलं. पाचाला दहा कमी होते. नानांनी निळं पेन काढलं, दारावर कागद पसरले आणि लिहायला लागले. तीन प्रती. प्रत्येक अक्षर छापल्यासारखं. तिसऱ्या प्रतीच्या शेवटी त्यांचा हात जरासा थांबला. आयुष्यभर त्यांनी पोरांना आत पाठवणारे हुकूम उतरवले होते आणि प्रत्येकाखाली 'खरी नक्कल' एवढंच लिहिलं होतं. आज खाली स्वतःची सही करायची होती. ती त्यांनी जरा मोठीच केली.

फाटकाशी आईनं अंगठा उठवला, मुलीचा हात धरला आणि निघाली. चार पावलांवर थांबून मागं वळली. मला वाटलं, पाच आठवड्यांचं काही ऐकवते आता. ऐकवलं असतं तर मी ऐकलं असतं.

"ताई," ती म्हणाली, "आते तू बी घर जाय."

गाडी मिळाली. दुसऱ्या दिवशी टांगेवाल्यानं सांगितलं, मुलगी खिडकीशी बसली होती आणि आईनं तिच्या परकराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

नाना सोमवारपर्यंत राहिले. मजेत राहिले. काठी घेऊन सगळं निरीक्षणगृह मोजलं. संडासाची कडी दहा वर्षांच्या हाताला पोचत नाही, पाण्याच्या टाकीचा नळ पोचतो पण तोंड पोचत नाही, निजायच्या खोलीतला दिवा विझत नाही. रोज एक पत्र मुंबईला, पोचपावतीसह. त्यातलं एक मी वाचलं: 'मंडळ बसलेले नसताना निदान एका सदस्यापुढे तरी मुलास उभे राहता यावे. मूल बैठकीच्या तारखेची वाट पाहून मोठे होते.'

सोमवारी डॉक्टरबाई आल्या, आदेश झाला. रजिस्टरात एक रकाना उरला, 'कोणाच्या ताब्यात दिले'. तिथं पालकाची सही लागते. काकूंनी निरोप पाठवला की गोधड्या अजून वाळायच्यात. अधीक्षक रडकुंडीला आले. शेवटी मीच पेन घेतलं आणि पालक म्हणून सही केली. त्या पानावर मी चोवीस वर्षांची, माझं मूल सहासष्टचं.

"काय आई," नाना वळकटी उचलत म्हणाले, "चला घरी."

त्यानंतर अध्यक्षांनी आमच्यापुरती एक रीत घालून दिली. पालक दारात उभे असतील तर तारखेची वाट न बघता बैठक बोलवायची. मी चष्मा त्याच आठवड्यात मोडला आणि दिवाळीची राहिलेली रजा घेऊन आईकडे गेले.

नाना नव्वदच्या दशकाच्या मध्यावर गेले. तेव्हा मी जळगावला होते, दोन मुलांची आई. भेटायला गेले तर काकूंनी काठी आणि पोचपावत्यांनी भरलेला पत्र्याचा डबा माझ्या पुढ्यात ठेवला.

"हे मला कशाला, काकू? मुलाला द्या."

"सही कोणी केलीय? पालक तू." मग त्या गालात हसल्या. "आणि इतकी वर्षं तू सांगत आलीस ना, माझ्या चुकीनं नाना दाखल झाले म्हणून? त्यांनी वळकटी त्या दिवशी सकाळीच बांधून ठेवली होती, गं. मला म्हणाले, पोरगी शिस्तीची आहे, रजिस्टरातच लिहील."

मी डबा मांडीवर घेतला. मग इतकी हसले की काकूंनी पाणी आणून दिलं.

शतक बदलता बदलता पुन्हा नवा कायदा आला. सवयीनं मी तो आणून वाचला. मंडळाऐवजी समिती झाली होती, आणि समिती बसलेली नसेल तेव्हा मुलाला एकट्या सदस्यापुढेही आणता येईल, अशी एक ओळ त्यात होती. ती कोणी सुचवली मला माहीत नाही. देशात असे म्हातारे बरेच असतील. मी लाल पेनानं त्या ओळीखाली रेघ ओढली आणि पुस्तक नानांच्या डब्यात ठेवलं.

परवा नात काठीला पाठ लावून उभी राहिली. बोटभर वर गेली होती. "आजी, मी हिच्यापेक्षा मोठी झाले. आता ही टाकून देऊया?"

म्हटलं, नाही बाई. माझ्या ताब्यात दिलेली आहे. सुटकेचा आदेश आण, मग बघू.